छत्तीस जणांची घसरण

आमचा वृंद घसरतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला लपवाछपवी केली म्हणून धरायला नको. छत्तीस माणसं वाद्याच्या आधाराशिवाय गायला उभी राहिली की पहिला सूर पियानोवरून अगदी बरोबर उचलतात. पाच मिनिटांनी तो किंचित खाली आलेला असतो आणि दहा-अकरा मिनिटांनी पाहावं, तर अख्खा वृंद पियानोच्या एका पट्टीनं खाली जाऊन बसलेला असतो. पांढरी सहावर सुरू केलेलं गाणं काळी चारवर संपतं. गाणाऱ्यांना पत्ता नसतो, कारण सगळे बरोबरच खाली येतात. घरातली सगळी घड्याळं सारखीच मागं पडली तर उशीर झालाय हे कळणार कसं?

मी या वृंदात खर्जाच्या रांगेत उभा राहतो. म्हणजे सगळ्यात खालचा आवाज आमचा. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. माझी सगळी नोकरी वजनकाटे तपासण्यात गेली. शिक्का मारलेल्या वजनांची पेटी हातात घेऊन दुकानादुकानांतून फिरायचं, काटा मध्यावर उभा राहतो की नाही ते पाहायचं, नाही राहिला तर दुकानदाराचं तोंड बंद करून काट्याला टाळं लावायचं. लोक मला खडूस म्हणायचे. ते खरंच होतं. निवृत्त झालो तेव्हा बहीण म्हणाली, खर्जाला माणसं मिळत नाहीत, तुझा आवाज यथातथाच आहे, पण छाती मोठी आहे, ये. त्या आमंत्रणाला अकरा वर्षं झाली.

बहीण माझ्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटी. लहानपणी ती कुणाशी बोलायची नाही, म्हणून घरात तिला घुमी म्हणायचे, आणि साठी उलटली तरी माझ्या तोंडी तेच नाव आहे. वृंदातले लोक तिला ताई म्हणतात. ती वृंदासाठी रचना करते. हे काम नक्की काय असतं, ते मला आमच्या नातेवाइकांना कधीच समजावून सांगता आलं नाही. ते विचारतात, म्हणजे चाली लावते का? मी हो म्हणून सोडून देतो. खरं तर ती एका वेळी चार रांगांना चार वेगळ्या वाटांनी पाठवते आणि कुणाची कुणाला टक्कर होऊ न देता सगळ्यांना ठरल्या क्षणी एका जागी आणून उभं करते. हे सगळं आधी तिच्या डोक्यात होतं, तिथून कागदावर येतं आणि मग आमच्या गळ्यात. एवढं मोठं काही त्या एवढ्याशा बाईच्या आत मावतं कसं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तिच्या दोन खोल्या धुलाईच्या दुकानावर आहेत. खाली दिवसभर कपड्यांची यंत्रं फिरत असतात आणि त्यांची घरघर जमिनीतून तळपायाला लागते. दुसऱ्या कुणाला त्या घरात पत्रसुद्धा लिहिता आलं नसतं. ती म्हणते, यंत्रांचा सूर ठरलेला आहे, त्रास बदलणाऱ्या आवाजाचा होतो. खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चार दोऱ्या बांधलेल्या. चार रांगांचे कागद त्यांवर चिमट्यांनी टांगलेले असतात आणि ती पेन्सिल घेऊन खालून वाकून फिरते. खुर्ची-टेबल आहे, पण त्यावर भांडी असतात. पियानोला ती दिवसदिवस हात लावत नाही.

एका खोक्यात छत्तीस कार्डं आहेत, माणशी एक. कोणाचा श्वास किती मोजेपर्यंत टिकतो, कोणाचा आवाज कुठल्या सुराला चिरतो, कोणाचा गुडघा दुखतो म्हणून तो शेवटी शेवटी दम कमी घेतो, सगळं त्यात टिपलेलं. आमच्यात दातांचे एक डॉक्टर आहेत. त्यांचा आवाज एका विशिष्ट सुरावर हमखास फाटतो. तीस वर्षांच्या तिच्या कामात तो सूर त्यांच्या रांगेला एकदाही आलेला नाही, आणि हे डॉक्टरांना माहीत नाही. ते समजतात, आपला आवाज फाटायचा थांबला.

एकदा सरावाला मी अर्धा तास आधी पोचलो. शाळेच्या ज्या दालनात आम्ही जमतो त्याचं दार लोटलेलं होतं. आत तिनं छत्तीस खुर्च्या चार रांगांत मांडल्या होत्या आणि स्वतः समोर हात मांडीवर ठेवून बसली होती. खुर्च्या रिकाम्या होत्या. ती ऐकत होती. मधेच तिची मान एका बाजूला वळे, एखाद्या खुर्चीकडे ती कौतुकानं बघे, एका खुर्चीला तिनं बोटानं जरा दमही दिला. मी दारातच उभा राहिलो. आत जायची हिंमत झाली नाही. मग बेकरीवाला आला, खर्जाच्या रांगेतला माझा शेजारी, त्यानं खोकून दार ढकललं आणि ते सगळं संपलं.

आता घंटेचं सांगतो.

आमच्या चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला एक मोठी घंटा होती. तिला बारीक तडा गेला. ती उतरवून तिथं भोंगा लावायचा, असं नगरपालिकेनं ठरवलं आणि उतरवायचा दिवस वर्षभर आधी जाहीर केला. त्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी सहाचे सहा ठोके तिचे शेवटचे. त्या वेळी वृंदानं काही तरी गावं म्हणून बहिणीकडं विचारणा झाली. तिनं लगेच होकार दिला. ती सहसा आठवडाभर विचार करते, म्हणून मी समजलो की ही बाब वेगळी आहे.

घुमी आपले दुखरे गुडघे घेऊन एकशे बारा पायऱ्या चार वेळा चढली. उन्हाळ्यात एकदा, थंडीत एकदा, दोन वेळा मधल्या दिवसांत, हवेबरोबर घंटेचा सूर हलतो का ते पाहायला. बरोबर नादकाटा. हा दोन दातांचा पोलादी काटा गुडघ्यावर आपटला की एकच सूर देतो, आणि ती तो कानामागच्या हाडाला लावून ऐकते. आमच्या घराण्याला काट्यांचंच वेड. घंटा ती अशी पारखत गेली आणि बरोबरीनं लिहीत गेली. अकरा मिनिटांची रचना. शेवटच्या पानावर शब्द नाहीत. सगळ्यांनी मिटल्या तोंडानं चार रांगांच्या सुरांचा एक स्वरमेळ धरायचा, आळीपाळीनं चोरून श्वास घ्यायचा म्हणजे आवाज तुटत नाही, आणि धरून ठेवायचं ते घंटा होईपर्यंत. मग सहा ठोके त्या आवाजात पडणार.

तिनं कुणालाही न सांगितलेली गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगतो, मला ती फार उशिरा कळली. घंटेचा सूर काळी चारपेक्षाही केसभर खाली होता. पियानोच्या कुठल्याच पट्टीत तो बसत नव्हता. आणि रचना तिनं पांढरी सहावर सुरू केली होती. मधलं अंतर भरून काढायचं होतं ते आमच्या घसरणीनं. अकरा मिनिटांत हा वृंद किती खाली येतो ते तिनं मोजलं होतं, आणि घसरत घसरत आम्ही शेवटच्या पानावर नेमके घंटेच्या सुरात जाऊन बसू असं गणित मांडलं होतं. पियानो-पेटीसारखं कुठलंही वाद्य त्या सुराला पोचलं नसतं. आमचा दोष पोचणार होता. हे आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही मुद्दाम घसरलो असतो, आणि मुद्दाम घसरणारा माणूस कधी बरोबर जागी पोचत नाही. म्हणून ती गप्प राहिली. गप्प राहण्याचा तिला सराव होताच.

मला दिसली ती फक्त वही. प्रत्येक सरावात पूर्ण रचना म्हणून झाली की ती पियानोवर हलकेच एक पट्टी दाबायची, कान द्यायची आणि एका वहीत काही तरी लिहायची. एके दिवशी ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी वही उघडली. तारखांचा रकाना, आणि समोर आम्ही किती खाली आलो त्याचे आकडे. पानामागून पान. मला वाटलं, ही आमच्या नालायकीची नोंद आहे. ही बाई आमचं पाप रोज लिहून ठेवते आणि तोंडानं एक शब्द बोलत नाही.

त्यामागं एक जुनी जखम होती. सहा वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आम्ही तिचीच रचना गायलो. परीक्षक माइकवर म्हणाले, गाणं सुंदर होतं, पण शेवट ऐकायला तळघरात जावं लागलं. सभागृह हसलं. घुमीही हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बहिणीचं काम आणि आमच्यामुळं त्याचं हसं व्हावं, हे मला तोवर पचलेलं नव्हतं. त्यात ही वही. मी ठरवलं, घंटेच्या दिवशी हा वृंद घसरणार नाही.

माझं मलाच नवल वाटतं. आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवायचे की जो काटा रोज दहा ग्रॅम कमी दाखवतो तो खोटा नाही, त्याची सवय कळली की त्याच्यावर डोळे झाकून विसंबावं. खोटा तो, जो आज पाच दाखवतो आणि उद्या पंधरा. हे मी पन्नास जणांना तरी शिकवलं असेल. वहीतले आकडे रोज जवळजवळ सारखेच होते. तिथंच मला कळायला हवं होतं.

बहिणीला वगळून सगळ्यांना मी गाठलं. दातांच्या डॉक्टरांनी रविवारी सकाळी दवाखान्याची बाहेरची खोली दिली. भिंतीवर एका दाढेचं कापून दाखवलेलं भलंमोठं चित्र, त्याखाली छत्तीस माणसं दाटीवाटीनं उभी, आणि समोर डॉक्टरांचा फोन. त्यात सूर दाखवणारं अ‍ॅप होतं. सूर बरोबर असला की सुई मध्यावर उभी, घसरला की डावीकडं झुकते. सुई पाहून मला माझं जुनं राज्य परत मिळाल्यासारखं झालं.

पहिल्या दोन रविवारी नाकी नऊ आले. मी ओरडत होतो, लोक चिडत होते, बेकरीवाला पहाटे तीनपासून भट्टीवर राबून आलेला, तो उभ्या उभ्या डुलक्या घेत होता. वाट काढली ती शिंपीणबाईंनी. त्या सगळ्यात वरच्या रांगेत पुढं उभ्या राहतात आणि चाळीस वर्षं कपडे बेततात. त्या म्हणाल्या, चूक शेवटी होत नाही, प्रत्येक पायरीला होते. वर चढताना आपण धाग्याएवढं कमी चढतो आणि खाली येताना धाग्याएवढं जास्त येतो. तेव्हा चढताना एक धागा जास्त घ्या, उतरताना एक धागा राखून ठेवा. एवढंच. झोळ आपोआप जाईल.

सहाव्या रविवारी आम्ही अकरा मिनिटं गायलो आणि शेवटच्या स्वरमेळाला सुई मध्यावर उभी होती. हलली नाही. तीन डोकी फोनवर वाकली, मग दहा, मग सगळीच. डॉक्टर चष्मा पुसत बसले. अकरा वर्षांत मी आमचा खरा आवाज पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तो आमचा वाटत नव्हता. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यासारखे आम्ही त्या खोलीत उभे होतो.

घुमीला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं, तिला अचानक द्यायचं होतं. म्हणजे तिच्यासमोर सरावात पूर्वीसारखंच घसरायचं. हे कसं जमणार म्हणून मी काळजीत होतो, पण शिंपीणबाई म्हणाल्या, गाताना घरची कामं मनात आणा. खरंच त्याला वेगळे कष्ट पडले नाहीत. वहीत रोजचे आकडे पडत राहिले आणि आम्ही एकमेकांना डोळे मारत राहिलो. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारी इतकी आनंदी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

शनिवारी चौक भरून गेला होता. गाड्या बंद केल्या होत्या, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती, खिडक्यांतून डोकी बाहेर आलेली. मनोऱ्याच्या पायथ्याशी आम्ही चार रांगांत उभे राहिलो. घुमीसाठी एक लाकडी खोकं ठेवलं होतं, ती त्यावर चढली. मनगटावरच्या घड्याळाकडं पाहत सहाला अकरा मिनिटं कमी असताना तिनं हात उचलला. पांढरी सहा. आम्ही सुरू केलं.

चांगलं गाताना माणसाला गातोय हे कळत नाही असं म्हणतात. मला मात्र प्रत्येक पायरी कळत होती. एक धागा जास्त, एक धागा राखून. डावीकडं बेकरीवाला टक्क जागा होता. वरच्या रांगेचा आवाज मनोऱ्याच्या दगडाला लागून परत येत होता आणि आमच्या आवाजाला बरोबर चिकटत होता. मला छाती फुटेल इतका अभिमान वाटला. तिसरं पान झालं, चौथं, पाचवं.

सहाव्या पानावर एक शांत जागा आहे, तिथं फक्त मधल्या दोन रांगा गातात. त्या वेळी घुमीनं खिशातून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि कानामागं धरला. तिचा चेहरा मला समोरून दिसत होता. आधी तिला वाटलं असावं की काटा चुकलाय, कारण तिनं तो परत आपटला. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिची नजर रांगांवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. अशी कामं घरातलाच माणूस करतो हे तिला ठाऊक होतं. मी मूर्ख. मला वाटलं, कळलं हिला, खूश झाली. मी भुवया उडवल्या आणि हसलो.

ती हसली नाही. तिनं एकदा मान वर करून घंटेकडं पाहिलं आणि मग परत आमच्याकडं, आणि तेवढ्यात मला सगळं उमगलं. वही, पायऱ्या, नादकाटा, ती घसरण. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी गाता गाता कळलं. साडेतीन मिनिटं उरली होती. घंटा थांबणार नव्हती, कुणासाठीच. सहा वाजता ती आपल्या सुरात वाजणार, आम्ही तिच्यापेक्षा पट्टीभर वर ठाम उभे असणार, आणि आख्ख्या गावासमोर तिचं वर्षाचं काम कर्कश होऊन फुटणार. पुन्हा कधी संधी नव्हती. सोमवारी घंटा खाली येणार होती.

शेवटचं पान आलं. आम्ही तोंडं मिटून स्वरमेळ धरला. घुमीनं डावा हात आडवा केला आणि तळवा खाली दाबला. सगळ्यांना वाटलं, आवाज कमी करा. आवाज कमी झाला, सूर तसूभर हलला नाही. तिनं मान हलवली, परत तळवा दाबला. आवाज आणखी कमी झाला. शिंपीणबाईंचे डोळे गोंधळले. मला कळत होतं, पण एकट्यानं खाली गेलो तर फक्त बेसूर होणार, बाकीचे मला चुकलेला समजून जास्तच घट्ट धरणार. इतके दिवस तेच तर शिकवलं होतं मी त्यांना.

मग घुमी खोक्यावरून खाली उतरली. गुडघा धरत उतरली आणि सरळ चालत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं माझा हात घेऊन आपल्या गळ्याच्या खाली, हाडावर ठेवला आणि गुणगुणायला लागली. या बाईनं कुणासमोर गायलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. तिचा आवाज जाडाभरडा होता, आणि तो माझ्या सुराच्या केसभर खाली होता. दोन सूर एकमेकांना घासले आणि माझ्या तळहाताखाली तिचं हाड थरथरायला लागलं. मी बरोबर होतो. काटा मध्यावर होता. जन्मभर ज्याच्यासाठी भांडलो तेच माझ्या घशात होतं आणि माझी धाकटी बहीण माझ्याकडं पाहत होती, ते सोड म्हणून.

मी सोडलं. केसभर खाली आलो. थरथर थांबली. ती आणखी केसभर खाली गेली, थरथर परत सुरू झाली, मी तिच्यामागं गेलो. तिसऱ्या वेळी बेकरीवाला आला. मग आमची रांग. वरच्या रांगांच्या पायाखालची जमीनच हलली, त्यांनी चमकून पाहिलं, आणि शिंपीणबाईंनी पहिल्यांदा धागा सैल केला. घुमी माझा हात सोडून मागं मागं चालत गेली. आता तिचा हात हवेत होता आणि इतका हळू खाली येत होता की तो हलतोय हे फक्त सुरावरून कळे. छत्तीस जण त्या एका हाताला धरून खाली येत होतो. आजवर आम्ही कायम नकळत घसरलो होतो. त्या दिवशी आम्ही एकेक धागा मोजत, डोळे उघडे ठेवून उतरलो. एखादी फार जड, फार मोलाची वस्तू सगळ्यांनी मिळून जमिनीवर टेकवावी, तसं ते चाललं होतं. एका माणसानं टोपी काढून छातीशी धरलेली मला दिसली.

तिचा हात थांबला. आम्ही थांबलो. तो कुठला सूर होता ते कुणालाच माहीत नव्हतं, पियानोवर तो नाहीच.

पहिला ठोका पडला.

मी घंटेची वाट पाहत होतो आणि घंटा मला ऐकूच आली नाही. ऐकू आला आमचाच आवाज, एकदम दहापट झालेला, दगडातून, रस्त्यातून, माझ्या दातांतून येणारा. दुसऱ्या ठोक्याला मला कळलं की हीच घंटा. ती आणि आम्ही यांत फट उरली नव्हती. तिसऱ्याला माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, कारण हात हलवला तर काही तरी मोडेल असं वाटलं. सहावा ठोका पडला, घुमीनं बोटं मिटली, आम्ही गप्प झालो, आणि तरी आवाज चालूच होता. सगळ्यांची तोंडं बंद होती. कितीतरी वेळ तो चौकात तसाच उभा होता आणि मग कुणाला न कळता गेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या बऱ्याच उशिरानं. नगरपालिकेचे कोणी तरी बोलले. हळूहळू गर्दी पांगली. घुमी मनोऱ्याच्या पायरीवर बूट काढून बसली होती आणि गुडघा चोळत होती. पाठीमागं सगळा वृंद शाळेतल्या पोरांसारखा खाली मान घालून उभा. मी पुढं झालो. म्हणालो, माझंच डोकं, यांचा दोष नाही. दवाखान्याचं, फोनचं, सगळं सांगितलं. वर्षभराचं तुझं गणित मी मातीत घालणार होतो, हेही म्हणालो.

तिनं ऐकून घेतलं. मग तिनं भलतंच विचारलं.

"सहाव्या पानापर्यंत किती खाली आला होतात?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "सुई हलत नाही आता. धाग्याइतकीसुद्धा."

तिनं एक बूट उचलून मांडीवर घेतला. मला वाटलं, आता बोलेल, आणि जे बोलेल ते आयुष्यभर लक्षात राहील. ती रागावली नव्हती, हे आधी माझ्या लक्षात आलं नाही.

"दादा, तीस वर्षं मी तुमच्या घसरण्याचा अंदाज घेऊन लिहीत आले," ती म्हणाली. "प्रत्येकाचं कार्ड केलं. कोण कुठं कमी पडतो ते पाठ केलं. तुम्ही घसरणारच नाही, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. एकदाही नाही रे."

शिंपीणबाईंनी पुढं होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ताई, आम्हालाही माहीत नव्हतं.

घुमीनं बूट घातले. उठली, खोक्याकडं गेली, पण त्यावर चढली नाही. ते तिनं पायानं बाजूला सरकवलं आणि आमच्यासमोर जमिनीवरच उभी राहिली. पहिल्यापासून म्हणा, म्हणाली. घंटा नाही, काही नाही. जसं शिकलात तसं म्हणा.

पांढरी सहाचा सूर तिनं नादकाट्यावरून दिला आणि हात पाठीमागं बांधले. चौकात झाडूवाले होते, दोन-चार माणसं घरी जाता जाता थांबली. आम्ही गायलो. ती फक्त ऐकत होती. तिची मान एकेका रांगेकडं वळत होती, पण या वेळी खुर्च्या नव्हत्या, आम्ही होतो, आणि ती आमच्याकडं अनोळखी माणसांकडं पाहावं तसं बघत होती. शेवटचं पान आलं. आम्ही स्वरमेळ धरला, जिथं तिनं लिहिला होता तिथंच, तसूभर खाली नाही. एकेचाळीस रचना केलेल्या या बाईनं आपण लिहिलेला शेवट लिहिला तिथंच आज पहिल्यांदा ऐकला.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थांबा म्हणून हात करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. आम्ही आळीपाळीनं श्वास घेतले आणि थांबलो नाही.